सोंगाचं वजन

अजस्र प्राण्यांच्या सिनेमाला मराठी लेखनाने आजवर पाट मांडलेला नाही. संतपटांवर पुस्तकं आहेत, तमाशापटांवर आहेत, विनोदी सिनेमाच्या चांगल्या दिवसांवर तर दिवाळी अंक दरवर्षी गहिवरतात. गोरिला, डायनोसॉर, गॉडझिला आले की मात्र ‘पोरासोरांचं’ म्हणून विषय संपतो. पोरासोरांनी ते डोळे फाडून पाहिलं आणि मोठी झाल्यावर विसरल्याचं नाटक केलं. पुढच्या पानांचा लेखक ते नाटक करत नाही, म्हणून त्याने प्रस्तावनेसाठी गळ घातली तेव्हा मी आढेवेढे घेतले नाहीत.

शिंदखेड्याच्या माणसाचा या विषयाशी काय संबंध, असं कुणी विचारेल. आमच्याकडे समुद्र नाही, ज्यातून काही वर यावं; टोलेजंग इमारती नाहीत, ज्यांवर काही चढावं. तापी आहे, सुलवाड्याचा बॅरेज आहे, सुरत-भुसावळ रेल्वेमार्ग आहे आणि नजर जाईल तिथवर कपाशी आहे. पण राक्षस कसा बघायचा याचं शिक्षण खानदेशाला फार आधी मिळालेलं आहे, आणि ते सिनेमाने दिलेलं नाही.

भोवाड्याबद्दल बोलतोय. खानदेश-बागलाणच्या गावांतून उन्हाळ्याच्या रात्री सोंगं नाचायची, काही गावांत अजून नाचतात. जव्हार-मोखाड्याकडे यालाच बोहाडा म्हणतात. संबळ घुमायला लागला, पिपाणी सुरू झाली की आधी गणपती येतो, सरस्वती येते आणि मग रात्र चढेल तसे दांडगे गडी: नरसिंह, त्राटिका, रावण. मुखवटे लाकडाचे नाहीतर कागदाच्या लगद्याचे, माणसाच्या डोक्याहून कितीतरी मोठे. आधी डोक्याला फडकं घट्ट गुंडाळायचं, त्यावर मुखवटा चढवायचा, मागून दोऱ्या आवळायच्या. आतल्या माणसाला दिसतं ते मुखवट्याच्या एखाद्या फटीतून, तेही टेंभ्याच्या धुरात. रावणाची तोंडं दोन्ही खांद्यांच्या बाहेर पसरलेली असतात. त्यामुळे त्याला नुसती मान वळवून भागत नाही, वळायचं तर सगळं अंग वळवावं लागतं. आत कोण आहे हे गावातल्या पोराटोरालाही ठाऊक असतं, कारण अमुक सोंग अमुक घराकडे ही वहिवाट असते. तरी त्राटिका अंगावर धावून आली की पोरं आईच्या पदराआड जातात. पोरांचं सोडा, मिशीवाले बाप्येही दोन पावलं मागे सरतात.

ती दोन पावलं मला फार मोलाची वाटतात. सोंग खोटं आहे हे माहीत असूनही ती पडतात. बेमालूम लपवाछपवी केली की भीती वाटते, हा समज तिथे टिकत नाही. भीती वाटते ती सोंगाला वजन असतं म्हणून. नाचणारा ते वजन खरोखर पेलत असतो, त्याची मान अवघडलेली असते आणि ते अवघडणं त्याच्या पावलात उतरतं. मुखवटा हलका असता तर रावण टुणटुणत आला असता आणि लोक हसले असते. राक्षसांचे सिनेमे मी याच कसाला लावून पाहतो. या प्राण्याचं ओझं कुणी तरी वाहिलं आहे का, एवढंच बघायचं. कुणी म्हणजे आत शिरलेला नट असेल, बाहुली हलवणारा कारागीर असेल, किंवा एखादा घाबरलेला देश.

कारागिरापासून सुरुवात करू. १९३३ च्या ‘किंग काँग’मध्ये विलिस ओब्रायन यांनी नाचवलेला गोरिला जेमतेम दीड फुटाचा होता. आत धातूचा सांगाडा, वर रबर आणि त्यावर सशाची लव. एक चित्र घ्यायचं, बाहुलं केसभर हलवायचं, पुन्हा एक चित्र. पडद्यावरच्या एका सेकंदासाठी हे चोवीस वेळा. दर खेपेला बोटं लागून लव विस्कटायची, त्यामुळे सिनेमाभर काँगच्या अंगावरचे केस आपोआप सळसळताना दिसतात. कारागिरीच्या हिशेबात हा दोष. पाहणाऱ्याला मात्र वाटतं की जनावर पिसाळलंय, त्याच्या अंगावर काटा आलाय. ज्याने ते हलवलं त्याच्या बोटांचे ठसे आपण पाहत असतो, आणि नव्वद वर्षांनंतरही काँग जिवंत वाटतो त्यात या ठशांचा वाटा मोठा आहे.

गॉडझिला उभा करताना जपानी लोकांना हेच तंत्र हवं होतं. त्याची दृश्यकरामत सांभाळणारे एजी त्सुबुराया काँगचे भक्तच. पण बाहुलं केसाकेसाने हलवायला ना वेळ होता ना पैसा, म्हणून त्यांनी माणसालाच रबरी कातड्यात घातलं. ते कातडं सुमारे शंभर किलोचं. आत हारुओ नाकाजिमा नावाचा नट, वर स्टुडिओतल्या दिव्यांची धग. जडजूड प्राणी कसा चालतो हे शिकायला हा गडी प्राणिसंग्रहालयात जाऊन बसायचा. चित्रीकरण जास्त वेगाने करायचे, म्हणजे पडद्यावर हालचाल संथ दिसते आणि संथ हालचालीला आपला डोळा आपसूक मोठा आकार जोडतो. भोवाडा पाहिलेल्या माणसाला नाकाजिमाची चाल बघता क्षणी ओळखू येते. वळताना तोही मान वळवत नाही, सगळं अंग वळवतो.

पण गॉडझिलाचं खरं ओझं कातड्याचं नव्हतं. १ मार्च १९५४ रोजी अमेरिकेने पॅसिफिकमधल्या बिकिनी बेटांवर हायड्रोजन बॉम्बची चाचणी केली. ‘लकी ड्रॅगन’ या अर्थाचं नाव असलेली एक जपानी मासेमारी बोट धोक्याच्या हद्दीबाहेर होती, तरी तिच्यावर पांढरी राख पडली. बोटीवरचे तेवीसही जण आजारी पडले. रेडिओ सांभाळणारे आइकिची कुबोयामा सप्टेंबरात वारले. बाजारात मासळी घ्यायला लोक धजेनात. आणि त्याच वर्षी ३ नोव्हेंबरला इशिरो होंडांचा ‘गोजिरा’, म्हणजेच मूळ गॉडझिला, लागला. सिनेमाच्या सुरुवातीलाच समुद्रात एक बोट लखलखाटात जळते. तिकीट काढून बसलेल्या माणसाला ती बोट कुठली हे सांगायला लागलं नसेल. हिरोशिमाला तेव्हा नऊच वर्षं झाली होती. सिनेमातली इस्पितळं बघा, जमिनीवर ओळीने ठेवलेली जखमी माणसं बघा, आणि मग ठरवा हा पोरासोरांचा सिनेमा आहे का. दोन वर्षांनी अमेरिकेत तो गेला तेव्हा बरंच कापून, मध्ये एक अमेरिकन वार्ताहर घुसवून गेला. डरकाळी राहिली, दुःख गळालं. डरकाळीचंही सांगतो. संगीतकार आकिरा इफुकुबे यांनी मोठ्या डबल बासच्या तारांवरून राळ लावलेला चामड्याचा हातमोजा ओढला आणि तो आवाज संथ करून घेतला. एवढं मोठं जनावर, आणि त्याचा गळा म्हणजे एक हातमोजा.

लेखकाने एक अख्खं प्रकरण या प्राण्यांच्या अशक्यतेवर खर्च केलं आहे. ते काटेकोर आहे, पण माझ्या मते जरा लांबलं आहे. मुद्दा जे. बी. एस. हाल्डेन यांनी १९२६ साली एका निबंधात मांडला होता. हेच हाल्डेन पुढे भारतात येऊन स्थायिक झाले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारले. प्राणी दहापट उंच केला आणि त्याची ठेवण तीच ठेवली, तर वजन हजारपट होतं, हाडाच्या छेदाचं क्षेत्रफळ मात्र शंभरपटच वाढतं. म्हणजे हाडाच्या प्रत्येक चौरस इंचावर दहापट भार. काँग एक पाऊल टाकेल आणि मांडीचं हाड मोडून बसेल. किड्यांचं तर आणखी अवघड. त्यांना फुप्फुसं नाहीत. अंगातल्या बारीक नळ्यांतून हवा आत झिरपते, आणि मोठ्या देहात ती पुरेशी पोचणारच नाही. १९५४ च्याच ‘देम!’ या सिनेमात अणुचाचणीने फुगलेल्या मुंग्या येतात. त्यांचा जीव हाल्डेननी अठ्ठावीस वर्षं आधीच घेतला होता. पण म्हणून काय झालं? अणूच्या वाळवंटातून काय उगवेल याची त्या काळच्या लोकांना लागलेली धास्ती कुठल्या भूमितीने खोटी पडत नाही.

आता घरचं बघू. आपल्याकडे मोठा प्राणी पडद्यावर आणायची ऐपत नव्हती, असं सर्रास म्हटलं जातं. पण दादासाहेब फाळक्यांनी १९१९ मध्ये, म्हणजे काँगच्या चौदा वर्षं आधी, ‘कालिया मर्दन’ केला. नाशिकच्या त्यांच्या हिंदुस्थान कंपनीचा सिनेमा. कृष्ण झाली होती त्यांचीच मुलगी मंदाकिनी. पाण्याखाली कृष्णाची आणि नागाची झटापट, फण्यावर नाच, नागाच्या बायकांची गयावया, सगळं त्यात आहे. त्याचा बराच भाग सुदैवाने टिकला आहे. मला त्यातली सगळ्यात धीट गोष्ट वाटते ती सुरुवात. कथा सुरू होण्याआधी फाळके आपल्या मुलीचा नुसता चेहरा दाखवतात. ती हसते, रुसते, वेगवेगळे भाव करून दाखवते. आणि मग प्रेक्षकांच्या डोळ्यांदेखत तिचा कृष्ण होतो. आत कोण आहे ते आधी बघून घ्या, मग सोंग बघा, असा हा रोखठोक व्यवहार. त्र्यंबकेश्वरात जन्मलेल्या माणसाला तो कुठून सुचला असेल याचा पुरावा माझ्याजवळ नाही. भोवाड्याच्या मुलखातला माणूस म्हणून मला त्याचं नवल वाटत नाही एवढंच.

तरीही कालिया कुणाला घाबरवत नाही. फणे लहान पडले म्हणून नव्हे. पुराणातल्या राक्षसाला नाव असतं, कूळ असतं, बायकामुलं असतात, वर आणि शाप असतात, आणि शेवट सगळ्यांना पाठ असतो. कालिया यमुना सोडून निघून जाणार हे तिकीट काढायच्या आधीच ठरलेलं. विज्ञानकथेतला राक्षस असा कुळाचारासकट येत नाही. तो कुणाच्या शापाने जन्मत नाही, आपण केलेल्या कशातून तरी जन्मतो, आणि त्याचा वध कुणाच्या हातून व्हायचा हे कुठल्याच पोथीत लिहिलेलं नसतं. आपल्या सिनेमाला हा पोथीबाहेरचा राक्षस फारसा मानवला नाही. १९६६ मध्ये ‘गोगोला’ नावाचा हिंदी सिनेमा गॉडझिलाच्या पावलावर पाऊल टाकून आला, पण त्या पावलाला वजन कुठून आणायचं हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

खानदेशातल्या माझ्या पिढीला असले प्राणी पहिल्यांदा भेटले ते यात्रेत. सारंगखेड्याला दत्तजयंतीची यात्रा भरते, घोड्यांच्या बाजारासाठी ती दूरवर माहीत आहे. यात्रांमधून ‘नागकन्ये’चा तंबू हमखास असायचा. बाहेर रंगवलेला कापडी फलक, त्यावर फणा काढलेली बाई. आत टेबलावर मुलीचं डोकं, आणि गळ्याखाली वेटोळं घातलेलं सापाचं धड. तंबूवाला विचारणार, तुझं नाव काय, तू काय खातेस, ही दशा कशाने झाली. ती कंटाळलेल्या आवाजात उत्तरं देणार. टेबलाला भोक आहे, खाली ती मांडी घालून बसली आहे, हे कुणालाही कळत होतं. एकदा माझ्या शेजारच्या म्हाताऱ्याने तिला मध्येच विचारलं, ‘जेवली का बेटा?’ ती गोंधळली, मग मान हलवली. त्या तंबूत भीतीचा लवलेश नव्हता, पण त्या मुलीची अवघडलेली मान मला आजही अनेक महागड्या सिनेमांतल्या राक्षसांपेक्षा खरी वाटते.

१९९३ हे वर्ष मजेशीर आहे. तिकडे ‘जुरासिक पार्क’, इकडे महेश कोठारेंचा ‘झपाटलेला’. स्पीलबर्गने टी-रेक्स पूर्ण आकाराचा बांधून घेतला, काही टनांचा. पावसाच्या प्रसंगात त्याची स्पंजासारखी कातडी पाणी पिऊन इतकी जड झाली की सगळं यंत्र थरथर कापायला लागलं, आणि दोन चित्रणांच्या मध्ये लोक टॉवेलने डायनोसॉर पुसत बसले. संगणकावर काढलेला टी-रेक्सही याच प्रसंगात आहे, पण ती चिखलातली रात्र अंगावर येते ती त्या ओल्या, जड, यांत्रिक धुडामुळे. पुढच्या वर्षी तो सिनेमा हिंदी बोलत आपल्याकडे आला आणि परदेशी सिनेमा हिंदीत आणला तर धंदा होतो हे वितरकांना उमगलं. मग रांग लागली. अजगरं, मगरी, शार्क सगळे हिंदीत डरकाळ्या फोडू लागले. आणि त्याच १९९३ मध्ये मराठीतला सगळ्यात गाजलेला राक्षस किती मोठा होता? तात्या विंचू, मांडीवर मावेल एवढा बाहुला. रामदास पाध्यांच्या हाताचं काम, दिलीप प्रभावळकरांच्या वाट्याला आलेला गुंड, आणि समोर घामाघूम लक्ष्मीकांत बेर्डे. त्याला हसणं सोपं आहे. पण शब्दभ्रमकाराच्या घरातून आलेल्या बाहुल्याला जी जरब होती, ती त्यानंतरच्या कित्येक संगणकी भुतांना आली नाही.

मराठी भयाचा पिंडच लहान जागेतला आहे, असं मला वाटत आलं आहे. नारायण धारप घ्या, रत्नाकर मतकरी घ्या. भीती माजघरात, माळ्यावर, परसात, बंद खोलीत. शहर तुडवणारं काही त्यांना लागलं नाही. त्याच कुळीचा ‘तुंबाड’ २०१८ मध्ये आला. भाषा हिंदी, पण घर, पाऊस, विधवा, वाडा सगळं कोकणातलं. राही अनिल बर्वे यांच्या डोक्यात तो घोळू लागला धारपांच्या एका कथेपासून आणि नाव आलं श्री. ना. पेंडशांच्या कादंबरीवरून. त्यातला हस्तर देवतेच्या गर्भात कोंडलेला, कणकेच्या बाहुल्यांवर तुटून पडणारा, कायमचा उपाशी. मला जास्त छळते ती साखळदंडाने बांधलेली आजी. तिच्या कातड्याखाली मोहम्मद समद हा पोरगा होता, जो त्याच सिनेमात नायकाचा मुलगाही झाला आहे. लोभाची सुरुवात आणि लोभाचा वारस एकाच अंगात. पुस्तकातलं ‘तुंबाड’वरचं प्रकरण मी दोनदा वाचलं, आणि लेखकाशी तिथे माझं भांडण नाही.

भांडण आहे ते वेगळ्या ठिकाणी. खानदेशाच्या मातीतून राक्षसपट निघणं शक्य नाही, असं लेखक एका तळटिपेत उडवून लावतो. त्याने कपाशीचं शेत नीट पाहिलेलं नसावं. २००२ मध्ये देशात बीटी कापसाला परवानगी मिळाली. झाडाच्या पेशीतच अळीला मारणारं प्रथिन; २००६ पासून एकाऐवजी दोन. काही वर्षं बोंडअळी गेल्यातच जमा होती. मग गुलाबी बोंडअळी ते विष पचवायला शिकली. तिला शिकायला आपण भरपूर सवडही दिली. डिसेंबरनंतर उभं पीक काढून टाकायचं सोडून आणखी चार किलो कापसासाठी फरदड ठेवली, आणि अळीला वर्षाचे बाराही महिने ताट वाढून ठेवलं. २०१७ च्या हंगामात महाराष्ट्रभर ती उसळली. पाकळ्या एकमेकींना चिकटून फूल मिटल्यासारखं दिसलं की समजायचं, ही डोमकळी. उघडली की आत अळी. बोंड वरून हिरवंगार, टणक. फोडलं की आतल्या कप्प्यात करड्या-पिवळ्या पडलेल्या रुईत गुलाबी झाक असलेली, नखभर लांबीची अळी, आणि सरकी पोखरलेली. वेचायला गेलं तर हाताला लागते नुसती कवडी. हे जनावर चिमटीत धरता येतं. हाल्डेनचं गणित त्याला अडवत नाही. ते माणसाच्या प्रयोगशाळेला उत्तर देत देत वाढलं आणि त्याने तालुकेच्या तालुके खाल्ले. आणखी कसली विज्ञानकथा हवी?

म्हणूनच २०१६ चा ‘शिन गोजिरा’ मला सगळ्यांत जवळचा. हिदेआकी आन्नो आणि शिंजी हिगुची यांनी तो केला, २०११ च्या भूकंप-त्सुनामीनंतर आणि फुकुशिमाच्या अणुभट्टीचं जे झालं त्यानंतर. प्राणी शहर तुडवतोय आणि मंत्री बैठक घेताहेत. हा विषय कुठल्या खात्याचा, गोळी झाडायचा आदेश कुणी द्यायचा, आधीचा शासननिर्णय काय सांगतो. एक बैठक संपते, सगळे उठून शेजारच्या दालनात जातात, तिथे दुसरी सुरू होते. जपानी सिनेमाचे परदेशी चाहते या प्रसंगांना कंटाळवाणे म्हणतात. ज्याने बोंडअळीच्या वर्षी तलाठी आणि कृषी सहायकाच्या मागे पंचनाम्यासाठी बांधाबांधाने हिंडून पाहिलं आहे, तो खुर्चीच्या टोकावर येऊन बसेल. शिवाय हा गॉडझिला एकदाच घडून आलेला नाही. त्याच्यावर जे अस्त्र टाकाल त्याला तोंड द्यायला त्याचं शरीर बदलतं. शेवटी त्याला मारता येत नाहीच; रसायनं पाजून गोठवतात आणि तो टोकियोच्या मधोमध तसाच उभा राहतो, लोकांनी कामधंद्याला लागायचं त्याला वळसा घालून.

एवढ्या सिनेमाला लेखकाने मोजकी पानं दिली आहेत आणि काँगला भरघोस. शिंदखेडा, दोंडाईचा, शिरपूरकडच्या वाचकांनी माझं ऐकावं, ती मोजकी पानं आधी वाचावीत आणि काँगकडे सवडीने, कापूस वेचून झाल्यावर वळावं.